'४२० फ्रेंडली' म्हणजे नक्की काय, आणि हे असले शब्द आले कुठून?

भटकं_मन

मंडळी, एमएससाठी अमेरिकेला निघायचंय, कॅलिफोर्नियात, आणि सध्या रूम शोधणं एवढा एकच उद्योग चालू आहे. जाहिराती वाचून वाचून डोळे दुखायला लागलेत. तर त्यात बऱ्याच ठिकाणी '४२० फ्रेंडली' असं लिहिलेलं असतं. आपण लहानपणापासून चारसोबीस म्हणजे लबाड, ठकसेन एवढंच ऐकलेलं, त्यामुळे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं मालक आधीच कबूल करतोय की बाबा डिपॉझिट परत मिळणार नाही 😀 नंतर कळलं की भानगड गांजाची आहे.

पण तेवढ्याने समाधान होईना. 'फ्रेंडली' म्हणजे ते स्वतः ओढतात, की दुसऱ्याने ओढलेलं त्यांना चालतं, की नुसता पाठिंबा, म्हणजे कायदेशीर असावं वगैरे मत? एका जाहिरातीत '४२० ओके पण सिगारेट नको' असं होतं, ते तर डोक्यावरूनच गेलं. दुसरीकडे 'कॅनाबिस पॉझिटिव्ह घर'. मी ओढत नाही, ओढायचा विचारही नाही, पण दुसरा कोणी ओढत असेल तर माझं काही म्हणणं नाही, मग मी पण ४२० फ्रेंडली झालो का?? आणि हा आकडा आला कुठून? मावसभाऊ म्हणतो अमेरिकन पोलिसांचा कोड आहे. माहितगारांनी जरा सविस्तर लिहा, घाई नाही.

रोखठोक

बरोबर सांगतोय तुझा भाऊ. ४२० हा तिकडच्या पोलिसांचा वायरलेस कोड, 'गांजा ओढणं चालू आहे' असा. पोरांनी तो ऐकला आणि स्वतःच वापरायला लागली. फ्रेंडली म्हणजे ओढणारा. विषय संपला.

पोथीवाला

रोखठोकराव, विषय एवढ्यात कसा संपेल. पोलीस कोडची गोष्ट जगभर पसरलीये पण ती खोटी आहे, आणि मजा म्हणजे ती खोटी गोष्ट कशी पसरली तेही माहिती आहे.

खरी हकीकत अशी. १९७१ साल, कॅलिफोर्नियातली मरीन काउंटी, तिथलं सॅन राफेल हायस्कूल. पाच पोरांचं टोळकं होतं, शाळेत एका भिंतीपाशी बसायचे म्हणून त्यांना 'वाल्डोज' म्हणायचे, इंग्रजीतल्या वॉलवरून. त्यांना कुणाकडून तरी एक हाताने काढलेला नकाशा मिळाला, पॉइंट रेयेसजवळ तटरक्षक दलातल्या एका माणसाने गांजा लावलाय आणि आता त्याला पकडलं जायची भीती वाटते म्हणून तो पीक सोडून देतोय, असा. फुकटचं घबाड! मग यांनी ठरवलं की शाळा आणि खेळाची प्रॅक्टिस संपली की ४ वाजून २० मिनिटांनी शाळेच्या आवारातल्या लुई पाश्चरच्या पुतळ्यापाशी जमायचं आणि गाडीतून शोधायला निघायचं. कॉरिडॉरमध्ये एकमेकांना दिसले की नुसतं '४-२० लुई' म्हणायचे. पीक काही सापडलं नाही, गाडीत ओढायला मात्र दर वेळी पुरेसं असायचं 😄 पुढे 'लुई' गळून पडला आणि ४२० राहिलं. आईबापांसमोर, मास्तरांसमोर बिनधास्त बोलता येईल असा शब्द झाला तो.

आता पाच पोरांचा शब्द जगभर कसा गेला? तर 'ग्रेटफुल डेड' हा बँड त्या वेळी मरीन काउंटीतच मुक्कामाला होता. एका वाल्डोचे वडील त्या बँडच्या जागाजमिनीचे व्यवहार बघायचे, दुसऱ्याच्या मोठ्या भावाची बँडच्या फिल लेशशी दोस्ती होती. म्हणजे पोरांना रिहर्सलला, स्टेजच्या मागे सगळीकडे शिरकाव. त्या बँडचे चाहते म्हणजे गावोगाव बँडच्या मागे फिरणारी जत्राच, त्यांच्याबरोबर शब्द फिरला. १९९० च्या डिसेंबरात ओकलंडला त्यांच्या कार्यक्रमाबाहेर एक पत्रक वाटत होते, '४/२० ला (म्हणजे २० एप्रिलला, तिकडे महिना आधी लिहितात) ४:२० वाजता' माउंट टॅमलपायसवर जमा, असं. आणि त्याच पत्रकात लिहिलेलं की हा सॅन राफेल पोलिसांचा कोड आहे! ते पत्रक 'हाय टाइम्स' मासिकाच्या माणसाच्या हातात पडलं, मासिकाने ते १९९१ ला छापलं आणि खरी तारीख-वेळ आणि खोटा उगम दोन्ही एकदमच जगभर गेलं. तर रोखठोकराव, तुमच्या मावसभावाची... सॉरी, धागाकर्त्याच्या मावसभावाची माहिती या पत्रकातून आलेली आहे.

बाकीचे उगम तर निव्वळ बादरायण संबंध. कोणी म्हणतं गांजात ४२० रसायनं असतात (शेकडो आहेत खरी, पण ४२० हा आकडा कुठून काढला देव जाणे), कोणी म्हणतं बॉब मार्लीची पुण्यतिथी (ती ११ मे), कोणी बॉब डिलनच्या एका गाण्याच्या नावातल्या १२ आणि ३५ चा गुणाकार करून ४२० काढतं. गुणाकार बरोबर आहे हो, पण म्हणून काय. आणि कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत कलम ४२० खरंच आहे, ते सरकारी जमिनीवर जाणाऱ्याला अडवण्याबद्दल आहे, गांजाचा संबंधच नाही.

वाल्डोज मंडळींकडे पुरावे आहेत हे महत्त्वाचं. सत्तरच्या दशकातली पोस्टाचा शिक्का असलेली पत्रं, ४२० लिहिलेला झेंडा वगैरे. शिवाय त्यांच्याच शाळेच्या १९७४ च्या वार्तापत्रात एका मुलाला विचारलंय की निरोपाच्या दिवशी सगळ्या वर्गासमोर काय बोलशील, उत्तर एवढंच, '४-२०'. ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने २०१७ मध्ये शब्द घेतला तेव्हा हे सगळं तपासलं. स्लँगच्या बाबतीत असा कागदोपत्री उगम फार क्वचित मिळतो, बाकी सगळीकडे सुतावरून स्वर्ग.

कोपऱ्यातली_खुर्ची

वा पोथीवाले, मस्त. एक भर, आपलं चारसोबीस आणि त्यांचं फोर-ट्वेंटी यांचा काडीचाही संबंध नाही. आपलं भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० वरून, फसवणुकीचं. आणि गंमत बघा, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, आता तेच कलम ३१८(४) आहे. म्हणजे कायद्यात चारसोबीस उरलंच नाही, बोलण्यात मात्र राहणार. 'काय तीनशेअठरा माणूस आहे' असं कोण म्हणणार!

तिकडे तर लोक या आकड्यापायी पाट्या चोरतात. कोलोरॅडोत हायवेवरचा ४२० मैलाचा दगड (पाटीच असते ती) इतक्या वेळा पळवला की शेवटी खात्याने '४१९.९९' अशी पाटी लावली. आणि २०१८ मध्ये इलॉन मस्कने टेस्लाचा शेअर ४२० डॉलरला घेऊन कंपनी खाजगी करतो असं ट्विट केलं, तेव्हा शेअर बाजाराच्या नियामकाने कोर्टात दिलेल्या तक्रारीत चक्क लिहिलंय की त्याने आकडा ४२० केला कारण गांजाच्या दुनियेत त्याला अर्थ आहे आणि मैत्रिणीला गंमत वाटेल. सरकारी कागदावर असं वाक्य!

परदेशस्थ

मी इकडे राहते, रूममेट शोधण्याचे सगळे भोग भोगून झालेत, त्यामुळे मूळ प्रश्नाचं उत्तर देते, इतिहास बाकीचे देतायतच.

'४२० फ्रेंडली' हा मुद्दाम सैल ठेवलेला शब्द आहे. कमीत कमी अर्थ, 'इथे कोणी ओढलं तर कोणी नाक मुरडणार नाही'. जास्तीत जास्त अर्थ, 'आम्ही रोज ओढतो, तुला वास सहन झाला पाहिजे'. घराच्या जाहिरातीत जवळजवळ नेहमी दुसरा अर्थ धरून चाल. डेटिंग प्रोफाइलवर पहिला की दुसरा ते विचारल्याशिवाय कळत नाही. 'कायदेशीर व्हावं' हे राजकीय मत त्यात गृहीत असतं पण तो शब्द मतासाठी कोणी वापरत नाही, मतासाठी 'प्रो-लीगलायझेशन' किंवा वर्तमानपत्री भाषेत 'प्रो-पॉट' म्हणतात. तू जे स्वतःबद्दल लिहिलंस ना, ओढत नाही पण हरकत नाही, ते जाहिरातीच्या भाषेत '४२० ओके' किंवा 'डोन्ट माइंड'. 'कॅनाबिस पॉझिटिव्ह' म्हणजे तेच पण जरा योगा मॅट आणि सुगंधी मेणबत्त्या असलेलं घर 😛

'सिगारेट नको, ४२० ओके' हे इकडे अगदी नॉर्मल आहे. तंबाखूचा वास भिंतीत मुरतो, कॅन्सर होतो, म्हणून तिरस्कार, आणि गांजा म्हणजे नैसर्गिक, औषधी असं डोक्यात बसलेलं. आता धूर तो धूरच, पण हे त्यांना कोण सांगणार.

आणि फार महत्त्वाचं, जाहिरातीत फ्रेंडली लिहिलंय म्हणजे कायद्याने ओके असं अजिबात नाही. कॅलिफोर्नियात २०१६ च्या प्रपोझिशन ६४ (मतदारांनी थेट मतदानाने केलेला कायदा) नंतर २१ वर्षांवरच्या माणसाला २८.५ ग्रॅमपर्यंत जवळ ठेवता येतं, पण घरमालक बंदी घालू शकतो, आणि जिथे तंबाखू ओढायला बंदी तिथे हेही बंद. जाहिरात टाकणारा बऱ्याचदा स्वतःच भाडेकरू असतो, खऱ्या मालकाच्या करारात 'नो स्मोकिंग' असतं. कॉलेजच्या आवारात तर राज्याने परवानगी देऊनही बंदीच, कारण कॉलेजला केंद्राचे पैसे हवे असतात. आणि आपण व्हिसावर. इमिग्रेशन हे केंद्राचं काम, केंद्राचा कायदा १९७० चा, त्यात राज्याची परवानगी चालत नाही. नुसतं 'हो, मी घेतो' असं अधिकाऱ्यासमोर कबूल केलं तरी व्हिसा, ग्रीनकार्ड सगळं अडू शकतं. म्हणून सोशल मीडियावर गंमत म्हणूनसुद्धा स्वतःला ४२० फ्रेंडली वगैरे लिहून ठेवू नकोस.

रोखठोक

बरं बरं, पोलिसांचं मागे घेतो. पण मग ४२० च्या आधी हे लोक एकमेकांना ओळखायचे कसे? गांजा काय १९७१ ला आला का.

पोथीवाला

छान प्रश्न. प्रत्येक पिढीचा वेगळा शब्द. १९२०-३० च्या दशकात जॅझवाल्यांमध्ये गांजा ओढणाऱ्याला 'व्हायपर' म्हणायचे, म्हणजे फुरसं-नाग असला विषारी साप, झुरका घेताना जो हिस्स आवाज येतो त्यावरून असं सांगतात. गांजाला 'गेज', 'रीफर', 'मगल्स'. लुई आर्मस्ट्राँगची १९२८ ची 'मगल्स' नावाची रेकॉर्डच आहे, ऐकणाऱ्या साध्या माणसाला पत्ता नाही की नाव कशाचं आहे. म्हणजे रेकॉर्डच्या लेबलावर उघडउघड छापलंय आणि तरी लपलेलं. ४२० ची तीच जात.

मग साठच्या दशकात उलटं झालं. लपवण्याऐवजी ओरडून सांगायचं. १९६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक जण पोलिसांच्या इमारतीत शिरून त्यांच्यासमोर गांजा पेटवून उभा राहिला, मला अटक करा म्हणून, आणि त्यातून 'लेमार' ही संघटना निघाली. लेमार म्हणजे 'लीगलाइझ मारिवाना' चे दोन तुकडे जोडून. कवी ॲलन गिन्सबर्ग न्यूयॉर्कमध्ये बर्फात 'पॉट इज फन' असा फलक गळ्यात अडकवून उभा होता, तो फोटो बघितला असेल. 'सिट-इन' म्हणजे बैठा सत्याग्रह, त्यावरून 'स्मोक-इन' निघालं, म्हणजे चौकात सगळ्यांनी मिळून ओढायचं आणि सरकारला म्हणायचं कितींना पकडता बघू. 'फ्री जॉन' ही घोषणा कवी आणि कार्यकर्ता जॉन सिंक्लेअरसाठी, त्याला १९६९ मध्ये दोन जॉइंट (गांजाच्या विड्या) दिल्याबद्दल दहा वर्षांची शिक्षा झालेली. डिसेंबर १९७१ ला त्याच्यासाठी ॲन आर्बरला मोठी सभा झाली, जॉन लेनन आला होता, आणि दोनतीन दिवसांत तो सुटला. दोन जॉइंटला दहा वर्षं! अशा काळात मुलं शाळेत '४-२० लुई' असं का बोलत होती ते कळतं.

१९७० ला 'नॉर्मल' (NORML) निघाली, गांजाचे कायदे बदलायला झटणारी, ही सगळ्यात टिकलेली संघटना. आद्याक्षरं जुळवून असं नाव केलं की गांजा ओढणारा म्हणजे नॉर्मल माणूस. जाहिरातीवाल्यांना लाजवेल असं डोकं. त्या वेळी, म्हणजे १९६९ ला, गॅलपच्या पाहणीत कायदेशीर करा म्हणणारे फक्त १२ टक्के होते. २०२३ ला तोच आकडा ७० टक्के.

'पॉट' कुठून आला म्हणशील तर मेक्सिकन स्पॅनिशमधल्या 'पोटिग्वाया'वरून असं सगळीकडे लिहिलेलं असतं, शब्दकोशवाले मात्र त्यावर मान डोलावत नाहीत.

नदीकाठ

सगळे अमेरिकेवरच अडकलात, आपल्या शब्दाचं काय? 'गांजा' हा शब्द आज अर्ध्या जगात पाठिंब्याचा शब्द म्हणून वापरतात, आणि तो आपल्याकडूनच गेलाय. संस्कृत गञ्जा, तिथून आपल्या भाषांत. जमैकात गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर मिळेनात, म्हणून इंग्रजांनी १८४५ पासून भारतातून करारावर मजूर नेले, पुढे १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार लोक गेले. त्यांच्याबरोबर गांजा गेला, चिलीम गेली, शब्द गेले. तिकडचा १९१३ चा बंदीचा कायदा सुद्धा 'गांजा लॉ' म्हणूनच ओळखतात. पुढे १९३० च्या दशकात रास्ताफारी पंथ निघाला, त्यांच्यासाठी गांजा हे व्यसन नव्हे, प्रसाद. त्यांच्या सुरुवातीच्या पुढाऱ्यांपैकी लेनर्ड हॉवेलने स्वतःला 'गांगुंगुरू मराघ' असं टोपणनाव घेतलेलं, त्यातला मराघ म्हणजे आपला महाराज! मजुरांच्या वस्तीतून किती काय झिरपलं बघा. मग १९७६ ला पीटर टॉशचा 'लीगलाइझ इट' अल्बम आला आणि ती घोषणाच झाली, आजही मोर्चात तीच पाटी असते. २०१५ ला जमैकाने थोडा गांजा जवळ बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं आणि रास्ताफारींना धार्मिक वापराची मुभा दिली.

आणि आपल्याकडे? गंजेडी, गर्दुल्ला, भंगेडी, चिलीमबहाद्दर. सगळ्या शिव्या. बाजूने बोलणाऱ्यासाठी एक सुद्धा सरळ शब्द मराठीत नाही, फार तर 'भोलेभक्त' म्हणून डोळा मारतात. वास्तविक आपला १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदा सुद्धा गांजा म्हणजे फुलोरा आणि फळांचे शेंडे असं म्हणतो, नुसती पानं आणि बिया त्यात धरत नाही, म्हणून भांग त्या कायद्यातून निसटते. वस्तू तीच झाडाची, एकीला सणाचा मान आणि दुसऱ्याला तुरुंग.

सडेतोड_काकू

सगळं वाचलं. माहिती चांगली आहे पण एक सांगते, राग मानू नका. हे फ्रेंडली, पॉझिटिव्ह, कॅना-क्युरिअस, कॅनासूर (हे कॉनासूर, म्हणजे दर्दी, वरून म्हणे!), ही सगळी व्यसनाला इस्त्री करून घातलेली नावं आहेत. दारूड्याला आपण 'मद्यस्नेही' म्हणतो का? विकणाऱ्या कंपन्या आल्या की असे गोंडस शब्द येणारच.

पोथीवाला

काकू, कंपन्यांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. 'बडटेंडर' (गांजाच्या दुकानातला विक्रेता), 'कॅना' लावलेलं काहीही, हे दुकानं कायदेशीर झाल्यानंतरचं पीक, कोलोरॅडोत २०१४ ला विक्री सुरू झाली तेव्हापासून तर ऊत आलाय. पण इस्त्री दोन्ही बाजूंनी झालीये. १९३७ चा बंदीचा कायदा येण्याआधी डॉक्टर लोक औषधाला 'कॅनाबिस' म्हणायचे, दुकानात तशी बाटली मिळायची. सरकारी अधिकारी हॅरी ॲन्सलिंगर आणि त्या वेळच्या वर्तमानपत्रांनी 'मारिवाना' हा मेक्सिकन शब्द उचलून धरला, कारण त्याने गोऱ्या माणसाला मेक्सिकन मजूर आठवून भीती वाटायची. म्हणून आता वॉशिंग्टन राज्याने २०२२ ला कायद्यातून 'मारिवाना' काढून सगळीकडे 'कॅनाबिस' घातलं.

आणि 'पेशंट', 'डिस्पेन्सरी', 'मेडिसिन' हे शब्द तर कंपन्यांनी आणलेच नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोत एड्सने माणसं मरत होती, उलट्या थांबत नव्हत्या, अन्न पोटात राहत नव्हतं, तेव्हा डेनिस पेरॉनसारख्या लोकांनी त्यांना गांजा पुरवला, त्यातून १९९६ चं प्रपोझिशन २१५ आलं, औषध म्हणून गांजाला परवानगी देणारं. त्या माणसांना गंजेडी म्हणवत नाही हो. नंतर धडधाकट पोरं पाठदुखी सांगून कार्ड काढायला लागली ती गोष्ट वेगळी, तिथे तुमची इस्त्री बरोबर.

सडेतोड_काकू

पेशंटचं मान्य. कॅनासूरचं नाही.

कोपऱ्यातली_खुर्ची

😂😂 काकू रॉक्स

बाय द वे कुठे '७१०' दिसलं तर तोही आकडा त्यातलाच. उलटा धरला की इंग्रजीत 'ऑइल' दिसतं, म्हणजे गांजाचा घट्ट अर्क ओढणारे. ते १० जुलैला साजरं करतात. आणि 'कॅली सोबर' म्हणजे दारू सोडली पण गांजा चालू, असा माणूस स्वतःला सोबर म्हणवतो. घराच्या जाहिरातीत ७१० दिसलं तर मात्र जरा जपून, तो अर्क टॉर्चने तापवून ओढतात, आणि काही महाभाग घरात ब्युटेन गॅसने अर्क काढायला बसतात, त्यात स्फोट होऊन घरं जळाली आहेत.

भटकं_मन

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. पोथीवाले, पाश्चरच्या पुतळ्याची गोष्ट मावसभावाला पाठवली, तो अजून पोलीस कोडवरच अडून बसलाय.

आता व्यवहाराचं. परदेशस्थ ताई, एक रूम खरंच चांगली आहे, कॉलेजपासून चालत, भाडं बसतंय, पण ४२० फ्रेंडली लिहिलंय. त्यांना विचारू काय? 'तुम्ही ओढता का' असं विचारणं बरं दिसेल का? तोंडावर विचारलं तर आगाऊ वाटेल अशी भीती वाटते.

परदेशस्थ

अजिबात आगाऊ नाही, जाहिरातीत त्यांनी स्वतःच लिहिलंय म्हणजे विचारलेलं त्यांना चालणारच. फक्त 'ओढता का' नको, त्याने काही कळत नाही. विचार, घरात ओढता की बाहेर अंगणात, आणि रोज की शनिवार-रविवार. मग विचार की मूळ करारात स्मोकिंगबद्दल काय लिहिलंय आणि तो करार बघायला मिळेल का. करारात बंदी असून हे लोक आत ओढत असतील तर घर सोडताना गालिचा-भिंतींचा खर्च सगळ्यांच्या डिपॉझिटमधून जातो, तुझ्याही. व्हिडिओ कॉलवर रूम दाखवायला सांगशील तेव्हा छतावर स्मोक अलार्मला पिशवी गुंडाळलेली दिसली तर दुसरं घर बघ.

भटकं_मन

पिशवी 😳 बरं, आज रात्री कॉल आहे, बघतो.

रोखठोक

करार दाखवायला टाळाटाळ केली तर समज आपल्यावालं ४२० आहे.